‘लीथल वेपन’चा चौथा भाग आज बघावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ‘लीथल वेपन’ या हॉलिवूडच्या पोलीस-जोडीच्या मालिकेचे पहिले तीन भाग बघितले, पहिला फार आवडला, तिसऱ्याला थोडा कंटाळा आला. आता १९९८ सालचा चौथा बघावा की नको? मित्र म्हणतात, तो नुसता पैशासाठी काढलाय, नट थकलेत. आणि इतक्या वर्षांनी तो टिकतो का?

बघा. टिकतो. पण सगळा नाही, आणि जिथे टिकतो तिथे का टिकतो हे समजून बघितलात तर जास्त मजा येईल. मी बरीच वर्षं चित्रपट-संकलनाचं काम करतो, त्यातही मारामारीचे प्रसंग जास्त. त्यामुळे माझं उत्तर कथेपेक्षा शॉट आणि कट यांच्या बाजूने जास्त येणार.

‘नट थकलेत’ हा आक्षेप आधी घेऊ, कारण माझ्या मते तीच या भागाची जमेची बाजू आहे. पहिल्या भागात, १९८७ मध्ये, मर्टॉ, म्हणजे जोडीतला वयाने मोठा पोलीस (डॅनी ग्लोव्हर), आपल्याला प्रथम भेटतो तो बाथटबमध्ये. घरचे सगळे केक घेऊन आत शिरतात, त्याचा पन्नासावा वाढदिवस असतो. तिथून तो चित्रपटभर ‘आता हे आपलं वय नाही’ म्हणून कुरकुरत राहतो. पण डॅनी ग्लोव्हर यांचा जन्म १९४६ चा. म्हणजे पन्नाशीचं रडगाणं गाणारा हा नट तेव्हा जेमतेम चाळिशीचा होता. पांढरे केस रंगवलेले होते, थकवा अभिनयातला होता. चौथा भाग आला तेव्हा ग्लोव्हर बावन्नाव्या वाढदिवसाच्या उंबरठ्यावर होते. अकरा वर्षांपूर्वी ज्या वयाचं सोंग आणलं, त्या वयाला नट खराखुरा पोचला होता आणि पात्र तर साठीच्या पुढे गेलं होतं. त्याचा जोडीदार रिग्ज झालेले मेल गिब्सन बेचाळीस वर्षांचे. आणि समोर उभा केलेला माणूस पस्तिशीचा जेट ली. वुशू या चिनी युद्धकलेतला चीनचा माजी राष्ट्रीय विजेता, हाँगकाँगचा आघाडीचा नायक, हॉलिवूडमधला पहिलाच चित्रपट आणि तोही खलनायक म्हणून.

ही निवडच निम्मा चित्रपट आहे. उशिरा आलेल्या सीक्वेलची नेहमीची चूक अशी की नायक म्हातारे झालेत हे संवादात सांगायचं आणि मारामारी लागली की त्यांना पुन्हा पंचविशीचे करायचं. गुडघे दुखतात म्हणून विनोद करायचे आणि पुढच्याच मिनिटाला त्याच गुडघ्यांवर तीन मजले उडी मारायला लावायची. प्रेक्षकाला हे शब्दांत सांगता आलं नाही तरी जाणवतं. वय मारामारीत दिसलं पाहिजे. ठोसा कुठे चुकतो, माणूस पडल्यावर उठायला किती वेळ घेतो, दम लागल्यावर कॅमेरा त्याच्यावर थांबतो की कट मारून दम लपवतो, यात ते दिसतं. चौथ्या भागात हे जिथे जिथे केलंय तिथे तिथे तो आजही ताजा आहे.

सुरुवातीकडेच एक छोटा प्रसंग आहे, व्यायामशाळेतल्या बॉक्सिंग रिंगचा. रिग्ज एका तरुण पोलिसाबरोबर सराव करतोय आणि मार खातोय. मोठा प्रसंग नाही, कथा पुढे नेणाराही नाही. पण तीन भाग जो माणूस कुणालाही भारी पडत आला त्याला इथे समोरचा ठोसा दिसतो आणि तरी चुकवता येत नाही. आणि मर्टॉचं ते वयाचं वाक्य आता रिग्जच्या तोंडी येतं. पटकथेत ही पायरी नसती तर पुढचा जेट ली नुसता ‘नवा ताकदवान खलनायक’ राहिला असता. ही पायरी आहे, म्हणून तो रिग्जच्या वयाला मिळालेलं उत्तर होतो.

आता तो पिस्तुलाचा क्षण. हा थांबवून, मागे-पुढे करून बघा. पहिल्या भागात रिग्ज नेमबाजीच्या सरावात कागदी लक्ष्यावर गोळ्यांनी हसरा चेहरा काढतो, आठवतंय? तेच बेरेटा पिस्तूल. त्या पिस्तुलावरचा विश्वास म्हणजे रिग्ज. इथे तो ते कू नावाच्या खलनायकावर, म्हणजे जेट लीवर, रोखून उभा आहे आणि कू हात पुढे करून पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग, स्लाइड, सरळ काढून घेतो. झटापट नाही, ओरडाआरडा नाही. बेरेटाच्या बाजूला एक छोटी खिट्टी असते, ती फिरवली की साफसफाईसाठी स्लाइड पुढे ओढून काढता येते. ती रचना इथे हत्यार म्हणून वापरलीय. प्रत्यक्षात समोरच्याने रोखलेल्या पिस्तुलाचं असं करणं जवळजवळ अशक्य, पण पडद्यावर ते पटतं, कारण लीच्या हालचालीत अनावश्यक काहीच नाही. रिग्जच्या हातात अर्धं पिस्तूल उरतं. हा चित्रपट मी नवोदित संकलकांना दाखवतो तो मुख्यतः या क्षणासाठी. खलनायक किती भयंकर आहे हे सांगायला इथे एकही मुडदा पाडावा लागलेला नाही.

लीच्या मारामाऱ्यांची आखणी कोरी युएन यांची आहे, हाँगकाँगमध्ये लीबरोबर आधीपासून काम केलेले. तिथली पद्धत आणि तेव्हाची हॉलिवूडची पद्धत यांत मूलभूत फरक होता. हॉलिवूडमध्ये बहुतेक वेळा नटाला मारामारी येत नसे, म्हणून कॅमेरा जवळ न्यायचा, हलवायचा आणि प्रत्येक फटक्याआधी कट मारून उणीव झाकायची. हाँगकाँगमध्ये नटाला येत असे. म्हणून कॅमेरा मागे ठेवून अख्खं शरीर चौकटीत घ्यायचं, दोन-चार हालचाली एका शॉटमध्ये पूर्ण होऊ द्यायच्या आणि कट नेमका फटका बसण्याच्या क्षणी मारायचा. या चित्रपटात दोन्ही पद्धती एकाच प्रसंगात शेजारी शेजारी आहेत आणि त्या विषमतेचाच उपयोग करून घेतलाय. ली पूर्ण दिसतो, स्वच्छ दिसतो. रिग्ज आणि मर्टॉ तुकड्यातुकड्यांत दिसतात, धडपडत. लीला वेग जरा कमी करायला सांगावं लागलं, कारण कॅमेऱ्यात हालचाल नीट पकडली जात नव्हती, ही गोष्ट तेव्हापासून सांगितली जाते. सेकंदाला चोवीस चौकटींत एखादा हात तीनच चौकटींत येऊन गेला तर डोळ्याला तो दिसतच नाही, त्यामुळे ती मला अजिबात आश्चर्याची वाटत नाही. छायाचित्रकार आंद्रे बार्तकोव्याक होते. त्यांनीच पुढे २००० मध्ये ‘रोमिओ मस्ट डाय’ दिग्दर्शित केला, नायक जेट ली.

शेवटची मारामारी या सगळ्याचा हिशेब चुकता करते. कूचा भाऊ मारला गेलाय, गोदीत तो एकटा उरलाय आणि समोर हे दोघे. पोलीस-जोडीच्या चित्रपटात शेवटी एक नायक एका खलनायकाला भिडतो, हा जुना नेम. पहिल्या भागात रिग्ज मर्टॉच्या अंगणात खलनायकाचा हस्तक जोशुआ याच्याशी एकटा लढतो आणि मर्टॉ बाकीच्या पोलिसांना मधे पडू देत नाही. इथे दोघांनी मिळून एकावर जायचं आणि तरी मार खायचा. दोघांविरुद्ध एक असूनही आपल्याला भीती वाटते ती या दोघांसाठी. जिंकतात तेही कौशल्याने नाही. मर्टॉ मागून लोखंडी गज खुपसतो, रिग्ज पाण्याखाली हाताला लागलेल्या बंदुकीने गोळ्या झाडतो. नायकांचं हे असं ‘अशोभनीय’ जिंकणं काही समीक्षकांना खटकतं. मला ते चित्रपटातलं सगळ्यात प्रामाणिक वाटतं. या वयाच्या या दोघांनी या माणसाला हरवायचं तर दुसरा मार्गच नाही. आणि मग रिग्ज काँक्रीटच्या तुकड्याखाली पाण्यात अडकतो आणि मर्टॉ उडी घेतो. मालिकेचा कणा इथे एका कृतीत येतो: ज्याला जगायचं नव्हतं त्याला जगायला लावणारा माणूस.

आता न टिकणाऱ्या गोष्टी. हायवेवरचा मोठा पाठलाग लोकांच्या लक्षात राहतो: चालत्या ट्रकवरचं अर्धं घर, त्यात मारामारी, मग रिग्ज उलट्या टेबलावर प्लास्टिकच्या आधाराने रस्त्यावरून फरपटत जातो, नंतर मर्टॉची गाडी एका इमारतीच्या मजल्यातून आरपार. स्टंटचं काम अव्वल आहे. संगणकाने केलेली चित्रं बघून डोळे थकले असतील तर खऱ्या गाड्या, खरा रस्ता आणि खरी माणसं बघून बरं वाटेल. पण पात्राच्या दृष्टीने मला तो पोकळ वाटतो. पहिल्या भागात रिग्ज छतावरून आत्महत्या करायला निघालेल्या माणसाला स्वतःच्या हाताला बेडी अडकवून उडी मारतो, तेव्हा आपण हादरतो, कारण याला स्वतःलाच मरायचं आहे हे आपल्याला ठाऊक असतं. त्याची बेफिकिरी हा आजार होता. चौथ्या भागात त्याच्या प्रेयसीला, लॉर्नाला, दिवस गेलेत, रिग्ज बाप होणार आहे. तरी हायवेवर तो तसाच बेफिकीर, आणि चित्रपट त्याबद्दल एक शब्द काढत नाही. रिंगमध्ये दिसलेलं वय इथे गायब होतं. मी तो प्रसंग कापला नसता, पण त्यात रिग्जचा एक घाबरलेला क्लोज-अप मागितला असता.

विनोदाचं मिश्रण आहे. सुरुवातीचा ज्वालाफेक करणारा माणूस आणि त्याचं लक्ष वळवायला चड्डीवर कोंबडीसारखा धावणारा मर्टॉ हा थिल्लरपणा आहे, पण त्या आगीतच दोघं एकमेकांना घरच्या गरोदरपणाच्या बातम्या देतात, ती रचना चांगली आहे. दंतवैद्याच्या खुर्चीतला हसवणाऱ्या वायूचा प्रसंग अजून हसवतो, कारण चौकशी करणारेच वायूच्या तावडीत सापडतात आणि आपल्या मुलीच्या पोटातल्या बाळाचा बाप कोण हे मर्टॉला तिथे कळतं. माहिती आणि विनोद एकाच शॉटमध्ये. उलट क्रिस रॉक (तरुण पोलीस बटर्स) आणि जो पेशी (दोघांचा बडबड्या मित्र लिओ) यांची मोबाइल कंपन्यांवरची बडबड १९९८ ची आहे आणि तिथेच राहिलीय. बटर्स आपल्यावर भाळलाय की काय असा मर्टॉचा गैरसमज लांबवत नेलाय, तो आज बघताना अवघडायला होतं.

आणि चिनी माणसांच्या उच्चारांची टिंगल. रिग्ज ती वारंवार करतो. चिनी टोळीवाला अंकल बेनी त्याला एकदा चोख उत्तर देतो, तेवढंच काय ते. ही टिंगल तेव्हाही बरी नव्हती. पण मला ती खटकते ती मुख्यतः या कारणाने, की ती याच चित्रपटातल्या सगळ्यात चांगल्या धाग्याच्या विरोधात जाते.

तो धागा हाँग कुटुंबाचा. माणसांची चोरटी वाहतूक करणारं जहाज पकडलं जातं आणि मर्टॉला एका जीवरक्षक होडीत लपलेलं कुटुंब सापडतं. कायद्याने त्यांना परदेशी नागरिकांच्या खात्याच्या ताब्यात द्यायला हवं. तो त्यांना घरी नेतो. रिग्ज विचारतो तेव्हा तो गुलामांच्या जहाजांचं नाव घेतो, आपल्या पूर्वजांसाठी जे कुणी केलं नाही ते करायची संधी आपल्याला मिळालीय, असं त्याचं म्हणणं. हे बोलणारे ग्लोव्हर आहेत हे महत्त्वाचं. पहिला ‘लीथल वेपन’ आला त्याच वर्षी त्यांनी टीव्हीपटात नेल्सन मंडेलांची भूमिका केली होती, आणि दुसऱ्या भागाचे खलनायक तर वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेचे राजनैतिक अधिकारी होते. ते वाक्य त्यांच्या तोंडी उसनं वाटत नाही. अमेरिकी प्रेक्षकाला संदर्भही ताजा होता. ६ जून १९९३ ला ‘गोल्डन व्हेंचर’ नावाचं जहाज न्यूयॉर्कच्या क्वीन्समधल्या रॉकअवेच्या किनाऱ्याला रुतलं. त्यात चीनमधून आणलेले २८६ लोक होते, बरेचसे फुजियान प्रांतातले, दलालांना प्रत्येकी तीस हजार डॉलरच्या आसपास देणं कबूल करून निघालेले. पाण्यात उड्या टाकलेल्यांपैकी दहा जण दगावले, आणि वाचलेल्यांतले कित्येक पुढे काही वर्षं कोठडीत राहिले. चित्रपट त्यानंतर पाच वर्षांनी आला. दिग्दर्शक रिचर्ड डॉनर आपल्या चित्रपटांत अशा गोष्टी घालतच असत. दुसऱ्या भागात मर्टॉच्या घरची मंडळी डॉल्फिन मारले जातात म्हणून ट्यूनाच्या सँडविचवरून त्याला फैलावर घेतात, तो त्यातलाच प्रकार. पण इथे तो विषय भिंतीवरच्या पोस्टरपुरता न राहता कथेच्या मध्यात आलाय.

दुःख एवढंच की कथा त्याला न्याय देत नाही. हाँग आणि नकली चिनी नोटांचे ठसे करणारा त्याचा काका कूच्या हातून मारले जातात, आणि चित्रपट त्यावर थांबायला हवा तेवढा थांबत नाही. पुढच्या घडामोडींची घाई झालेली असते. याचं कारण निर्मितीत आहे. जानेवारी १९९८ मध्ये चित्रीकरण सुरू झालं आणि जुलैच्या दहा तारखेला चित्रपट लागला. एवढ्या मोठ्या ॲक्शनपटासाठी हा वेळ विलक्षण कमी. पटकथा चॅनिंग गिब्सन यांची, पण कथेच्या श्रेयात आणखी तिघांची नावं आहेत आणि पानं चित्रीकरण चालू असताना बदलत होती. संकलकाच्या नजरेला हे लगेच दिसतं: काही प्रसंग एकमेकांतून उगवत नाहीत, नुसते एकापुढे एक ठेवलेले आहेत. नकली नोटा, भ्रष्ट चिनी सेनाधिकारी, तुरुंगातून सोडवायचे चार टोळीप्रमुख हे सगळं एकदाच भराभर सांगून टाकलंय. पहिल्यांदा बघताना त्यात अडकू नका.

‘पैशासाठी काढला’ या आरोपाचं म्हणाल तर असे चित्रपट पैशासाठीच निघतात, त्यात लपवण्यासारखं काही नाही. खर्च सुमारे १४ कोटी डॉलर, जगभरची कमाई सुमारे साडेअठ्ठावीस कोटी, म्हणजे तिसऱ्या भागाच्या कमाईपेक्षा कमीच. पण केवळ पैशासाठी काढलेल्या चित्रपटात कबरीजवळचा तो प्रसंग राहिला नसता. लॉर्नाशी लग्न करावं की नाही या घालमेलीत रिग्ज पहिल्या बायकोच्या कबरीशी येतो आणि तिथे लिओ त्याला गाठतो. तीन भाग ज्याला सगळ्यांनी पिडलं तो लिओ लहानपणी पाळलेल्या, आपल्याच सायकलखाली मेलेल्या बेडकाची गोष्ट सांगतो. ऐकायला वेडगळ वाटतं. जो पेशी ती एकदाही हसू न आणता सांगतात आणि डॉनर मधे कट मारत नाहीत असं वाटावं इतका संयम ठेवतात. दुसऱ्या चित्रपटांत हमखास विनोदाने मोडला गेला असता तो क्षण इथे मोडत नाही. मायकल केमन, एरिक क्लॅप्टन आणि डेव्हिड सॅनबॉर्न हे त्रिकूट पहिल्या भागापासून संगीतात आहे. त्यामुळे रिग्जच्या एकटेपणाशी जोडलेला गिटारचा सूर आपल्या कानात आधीच असतो.

हाच मुद्दा इतर उशिरा आलेल्या भागांना लावून बघा. ‘बॅड बॉइज फॉर लाइफ’ २०२० मध्ये, दुसऱ्या भागानंतर सतरा वर्षांनी आला आणि बऱ्यापैकी टिकला, कारण माइकला सुरुवातीलाच गोळ्या लागतात आणि मार्कस आजोबा होऊन हत्यार खाली ठेवू बघतो. शरीराला किंमत मोजावी लागते. ‘रश अवर’चा २००७ चा तिसरा भाग माझ्या मते टिकत नाही. तिथे जॅकी चॅन पन्नाशी ओलांडलेले होते, पण आखणी त्यांच्या चाळिशीचीच ठेवली आणि उणीव कटांनी भरली. त्या माणसाला पूर्ण शरीर चौकटीत न दाखवणं हा त्यांच्यावर अन्याय आहे.

पाचव्या भागाची वाट बघत चौथा पुढे ढकलत असाल तर तसं करू नका. डॉनर ५ जुलै २०२१ ला गेले. पाचव्याची बोलणी अनेक वर्षं चालू होती, पण त्यांच्या हातचे चारच.

बघताना मूळ इंग्रजीतच बघा आणि सबटायटल्स लावा, कारण कू आणि त्याच्या टोळीचं बरंचसं बोलणं चिनी भाषेत आहे आणि लीची शांत, खालच्या पट्टीतली बोलण्याची ढब डबिंगमध्ये हरवते. पहिला भाग बघून बरेच दिवस झाले असतील तर आधी त्यातले बाथटब, छतावरची उडी आणि हसऱ्या चेहऱ्याचं लक्ष्य हे तीन प्रसंग बघून घ्या. दुसऱ्या भागातून लिओची ओळख आणि रिग्जच्या बायकोच्या मृत्यूचा खुलासा आठवला तरी पुरे. तिसऱ्यातला लॉर्ना आणि रिग्ज एकमेकांना जखमांचे व्रण दाखवतात तो प्रसंग मात्र जरूर परत बघा. त्या दोघांचं चौथ्या भागातलं वागणं त्यावरच उभं आहे. घरात लहान मुलं असतील तर त्यांना झोपवून मग लावा, शिव्या आणि रक्त दोन्ही भरपूर आहे.